तरंगत्या गोदीत जहाज कसं चढतं, कसं उतरतं: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

जहाजदुरुस्तीच्या यार्डात नवीन लागलेल्या मुलाला पहिल्या दिवशी हेल्मेट, बूट आणि गेटपास मिळतो. आपण ज्या पोलादावर उभे आहोत ती जमीन नाही, हे मात्र त्याला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. फ्लोटिंग डॉकमध्ये काम करायचं तर आधी हेच डोक्यात बसायला हवं. मुंबईतल्या ह्यूज ड्राय डॉकसारखी सुकी गोदी म्हणजे जमिनीत बांधलेला प्रचंड हौद. दार लावलं, पाणी उपसलं की जहाज खालच्या ठोकळ्यांवर बसतं. तरंगती गोदी स्वतःच एक जहाज असते. ती पोटात पाणी घेऊन बुडते, पाठीवर जहाज घेते आणि पाणी बाहेर टाकत वर येते. म्हणून तिथे कुठल्याही कामाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: आत्ता पाणी कुठे आहे?

गोदीची ओळख

समोरून पाहिलं तर गोदी इंग्रजी यू अक्षरासारखी दिसते. खाली रुंद पोकळ तळ, तो पाँटून. दोन्ही बाजूंना उंच पोकळ भिंती, त्या विंग वॉल. पुढची आणि मागची बाजू उघडी. तळ आणि भिंती आतून कप्प्याकप्प्यांत विभागलेल्या असतात, आणि हे कप्पे म्हणजेच बॅलास्टच्या, म्हणजे बुडण्यासाठी पोटात घ्यायच्या पाण्याच्या, टाक्या. एका भिंतीच्या माथ्यावर कंट्रोल रूम असते. प्रत्येक टाकीची पातळी, प्रत्येक झडप, प्रत्येक पंप तिथून दिसतो आणि चालतो. पहिल्या आठवड्यात या टाक्यांचा नकाशा स्वतःच्या हाताने वहीत काढा. छापील नकाशा भिंतीवर लावलेला असतोच, पण हाताने काढलेला लक्षात राहतो.

आता खरे आकडे घेऊ. भारतीय नौदलाची एफडीएन-2 ही तरंगती गोदी लार्सन अँड टुब्रोने चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली यार्डात बांधली. 20 जून 2017 रोजी तिचं जलावतरण झालं. ती बांधली अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरसाठी, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमसाठी. लांबी 185 मीटर, रुंदी 40 मीटर, उचलण्याची क्षमता 8,000 टन. पाण्याखाली 7 मीटरपर्यंत जाणारी जहाजं तिच्यावर घेता येतात. तिच्याआधी तिथे 1987 पासून जपानमध्ये बांधलेली एफडीएन-1 होती, 11,500 टनांची.

एफडीएन-2 वरच एक हिशेब करू. सोयीसाठी तिचा तळ सरळ आयत धरला तर क्षेत्रफळ 7,400 चौरस मीटर. म्हणजे गोदी 1 सेंटिमीटर खाली गेली की 74 घनमीटर पाणी बाजूला सारते, आणि समुद्राचं पाणी थोडं जड असल्याने ते भरतं सुमारे 76 टन. याचा अर्थ 8,000 टनांचं जहाज पाठीवर घेऊन उभी असलेली गोदी, मोकळी असताना असते त्यापेक्षा जेमतेम 1 मीटर 5 सेंटिमीटर जास्त बुडालेली असते.

हा झाला तळ पाण्याच्या वर आल्यानंतरचा हिशेब. तळ बुडालेला असतो तेव्हा पाण्याची रेघ फक्त दोन भिंतींना छेदते. भिंती प्रत्येकी 4 मीटर रुंद आहेत असं समजा. मग छेदाचं क्षेत्रफळ उरतं 1,480 चौरस मीटर आणि 1 सेंटिमीटरला फक्त 15 टन. म्हणजे गोदी पाचपट हळवी झाली. जहाजाचं बूड पाण्याबाहेर आलंय पण पाँटूनचा डेक अजून पाण्याखाली आहे, ही स्थैर्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक वेळ. जहाजाला पाण्याचा आधार उरलेला नसतो, तळाचा आधार अजून मिळालेला नसतो, आणि अर्ध्या भरलेल्या टाक्यांतलं पाणी जिकडे कल तिकडे धावत असतं. अनुभवी डॉकमास्टर, म्हणजे जहाज चढवण्या-उतरवण्याच्या कामाचा प्रमुख, या टप्प्यात गप्प होतो. त्या वेळी त्याच्याशी बोलायला जाऊ नका.

जागेचंही थोडं सांगतो. 7 मीटर खोल जाणारं जहाज, त्याखाली अर्धा मीटर मोकळी जागा, दीड मीटरचे ठोकळे, समजा 4 मीटर उंचीचा पाँटून आणि त्याच्याखाली मीटरभर पाणी, अशी बेरीज केली तर 14 मीटर खोली लागते. गाळ भरणाऱ्या खाडीत एवढी खोली टिकवणं महागाचं काम असतं, म्हणून गोदीखालचा खड्डा वेळोवेळी मोजावा आणि उपसावा लागतो. उलट फायदा असा की सुक्या गोदीच्या दारातून मोठं जहाज आत घ्यायला भरतीची वेळ गाठावी लागते, आणि भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं चढत नाही म्हणून थांबावंही लागतं. तरंगती गोदी भरती-ओहोटीबरोबर स्वतःच वरखाली होते. तिला उधाणाची वाट पाहावी लागत नाही.

जहाज येण्याच्या आधीचे दिवस

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे जहाजाचा डॉकिंग प्लॅन. जहाजाच्या तळात मजबूत जागा कुठे, आडवे पडदे कुठे, तळाचे बूच कुठे, खोली मोजणाऱ्या इको साउंडरची आणि वेग मोजणाऱ्या स्पीड लॉगची यंत्रं कुठे, सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तळातल्या पेट्यांच्या) जाळ्या कुठे, हे सगळं त्यात असतं. ठोकळे मजबूत जागेखालीच यायला हवेत, आणि बूच, साउंडर किंवा जाळीखाली कधीच नाही. मागच्या डॉकिंगला ठोकळे कुठे होते तेही विचारून घ्या. ठोकळ्याखालच्या पट्ट्याला रंग लागत नाही. या वेळी ठोकळे थोडे सरकवले तरच तो पट्टा रंगवता येतो. नाहीतर त्याच जागी वर्षानुवर्षं गंज धरत राहतो.

ठोकळ्यांची मधली रांग, म्हणजे कीलखालची (जहाजाच्या तळाच्या कण्याखालची), ते कील ब्लॉक, बाजूचे ते बिल्ज ब्लॉक. खाली काँक्रीट किंवा पोलाद, त्यावर कठीण लाकूड आणि सगळ्यात वर मऊ लाकडाची टोपी. ती मऊ फळी मुद्दाम घातलेली असते. जहाजाचा तळ कागदावर सरळ असला तरी प्रत्यक्षात कुठे दोन सेंटिमीटर वर, कुठे खाली असतो. मऊ लाकूड दबतं आणि भार सगळीकडे पसरतो. 6,000 टनांचं जहाज 100 ठोकळ्यांवर बसलं तर सरासरी एकेकावर 60 टन येतात, पण सरासरीवर विश्वास ठेवू नका. इंजिनरूमखाली जास्त, नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाला) कमी, असंच असतं. ठोकळे मांडून झाले की दोरी ताणून रांग तपासा, प्रत्येक ठोकळ्याची उंची मोजा आणि वहीत लिहा. एक ठोकळा 1 सेंटिमीटर जरी वर राहिला तरी तो शेजाऱ्यांचाही भार उचलू पाहतो आणि चिरडतो.

जहाजाच्या चीफ ऑफिसरकडून टाक्यांची साउंडिंग घ्या: कुठे किती इंधन, किती गोडं पाणी, किती बॅलास्ट. जहाज शक्य तेवढं हलकं आणि सरळ असावं, अर्धवट भरलेल्या टाक्या कमीत कमी असाव्यात. मागच्या बाजूला जास्त बुडालेलं जहाज टेकताना काय होतं, त्याचा हिशेब एकदा तरी स्वतः करून पाहा. समजा जहाज 6,000 टनांचं, ट्रिम (पुढच्या आणि मागच्या बुडण्यातला फरक) 60 सेंटिमीटर, 1 सेंटिमीटर ट्रिम बदलायला 100 टन-मीटर लागतात, आणि मागच्या पहिल्या ठोकळ्यापासून जहाजाचं तरंगकेंद्र (ज्या बिंदूभोवती जहाज पुढे-मागे झुकतं तो) 60 मीटरवर आहे. 100 गुणिले 60 भागिले 60. म्हणजे पूर्ण टेकायच्या क्षणी त्या मागच्या टोकावर 100 टन रेटा असतो. जहाजाचं केएम (कीलपासून मेटासेंटर या स्थैर्याच्या हिशेबातल्या बिंदूपर्यंतची उंची) 8 मीटर असेल तर या रेट्यामुळे जीएम (गुरुत्वकेंद्रापासून त्याच बिंदूपर्यंतची उंची, म्हणजे स्थैर्याचं माप) सुमारे 13 सेंटिमीटरने घटतं. ज्या जहाजाचं जीएम आधीच तोकडं आहे त्याला हे परवडत नाही. तरंगत्या गोदीचं मोठं वैशिष्ट्य इथे कामी येतं. मागच्या टाक्यांत थोडं जास्त पाणी ठेवून गोदीच जहाजाच्या ट्रिमइतकी तिरपी करता येते, म्हणजे जहाज एका टोकावर न टेकता रांगभर बसतं.

बुडवणं, आत घेणं, उचलणं

गोदी बुडवण्याआधी पाँटूनच्या डेकवर एक फेरी मारा. पत्र्याचे तुकडे, दोर, पाने, रिकामे डबे, काहीही राहता कामा नये. पाणी चढलं की हलक्या वस्तू तरंगत ठोकळ्यांमध्ये अडकतात. भिंतींमधले सगळे दरवाजे आणि मॅनहोल बंद असल्याची खात्री एकाने करायची आणि दुसऱ्याने पुन्हा तपासायची.

मग झडपा उघडतात आणि गोदी खाली जाऊ लागते. टग जहाजाला तोंडाशी आणतात, दोर दोन्ही भिंतींवर जातात, खलाशी दोर ओढणाऱ्या कॅप्स्टनवर उभे राहतात. जहाज मध्यरेषेवर आहे की नाही हे पुढून आणि मागून दोन्हीकडून पाहतात. वारा बाजूने येत असेल तर उंच जहाज शिडासारखं वागतं. जोराच्या वाऱ्यात डॉकिंग पुढे ढकलण्याचा अधिकार डॉकमास्टरचा, आणि त्यावर मालकाच्या माणसानेही वाद घालू नये असं माझं ठाम मत आहे.

जहाज जागेवर आलं की पंप सुरू होतात. कील टेकायला आली की उचलणं थांबवायचं आणि पाणबुड्याला खाली पाठवून ठोकळे जागच्या जागी आहेत का ते पाहून घ्यायचं. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

टेकल्यानंतर खरा प्रश्न येतो तो कुठल्या टाकीतून किती पाणी काढायचं याचा. जहाजाचं वजन गोदीच्या लांबीवर सारखं पसरलेलं नसतं. जिथे वजन जास्त तिथल्या टाक्या जास्त रिकाम्या करायच्या, टोकांना जिथे जहाज नाही तिथे पाणी राखायचं. हा क्रम चुकला तर गोदी वाकते. 8 ऑगस्ट 1944 रोजी श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरात हेच घडलं. तिथली एएफडी-23 ही तरंगती गोदी आपल्या मुंबईत बांधलेली होती. ब्रिटिश युद्धनौका एचएमएस व्हॅलिअंट दारूगोळ्यासकट तिच्यावर चढवली. टाक्या रिकाम्या करण्याचा क्रम नौकेच्या वजनाच्या वाटणीशी जुळला नाही, टोकांवर ताण वाढला, गोदीची पाठ मोडली आणि ती बुडाली. नौकेचे आतले दोन प्रोपेलर आणि एक सुकाणू अडकून बसलं. बॉयलरमध्ये वाफ राखलेली होती म्हणूनच ती स्वतःच्या ताकदीने बाहेर पडू शकली.

म्हणून गोदीचा वाक सतत मोजतात. काही ठिकाणी दुर्बिणीने, काही ठिकाणी गवंडी वापरतात त्या पाणनळीच्याच तत्त्वावर: लांबच लांब नळी, दोन्ही टोकांना आणि मध्ये पाण्याची पातळी, फरक दिसला की तेवढा वाक. नवीन माणसाला बरेचदा याच मोजणीवर बसवतात. ते काम हलकं समजू नका. ठरलेल्या मर्यादेजवळ आकडा पोहोचला की लगेच आणि मोठ्याने सांगा.

भार चढताना एक गोष्ट जवळून पाहायला मिळते. गोदी वर येऊन डेक उघडा पडतो तेव्हा मऊ लाकडाच्या टोप्यांच्या कडांमधून पिळून निघाल्यासारखं पाणी झिरपत असतं आणि करकर असा बारीक आवाज येतो. आमच्या यार्डातले एक वयस्कर खलाशी प्रत्येक ठोकळ्यापाशी वाकून ती कड पाहत. ज्या ठोकळ्याची फळी कोरडी आणि न दबलेली, त्याच्यावर भार आलेला नाही. तिथे पाचर ठोकून घ्यावी लागते. मीही तेच शिकलो.

विजेचंही इथेच सांगतो. पंप वीज मागतात. 30 ऑक्टोबर 2018 रोजी रशियात मुर्मान्स्कजवळच्या रोस्ल्याकोवो इथे पीडी-50 ही 330 मीटर लांबीची गोदी वीजपुरवठा तुटल्यावर बुडाली. आत अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव ही विमानवाहू नौका होती, तिच्या डेकवर क्रेन कोसळली. तुमच्या गोदीत दुसरा वीजस्रोत कुठला, त्याच्या टाकीत आज डिझेल आहे का, तो शेवटचा कधी चालवून पाहिला, हे तीन प्रश्न डॉकिंगच्या आदल्या दिवशी विचारा.

उचलल्यावरचे पहिले तास

जहाज बाहेर आलं की त्याच्या सगळ्या सवयी तुटतात. समुद्राचं पाणी ओढता येत नाही, म्हणून जहाजाचा फायर पंप निकामी. गोदीची फायर लाइन जोडून, दाब पाहून मगच कुठलीही ठिणगीची परवानगी द्यायची. जहाज आणि गोदी यांच्यात अर्थिंगची केबल, किनाऱ्याची वीज, थंड करण्याच्या यंत्रांना पाणी, संडासांना कुलूप आणि पर्यायी सोय. हे सगळं पहिल्या एक-दोन तासांत झालं पाहिजे.

धुणं लगेच सुरू करा. तळावरचं शेवाळ, चिखल आणि बार्नेकल ओले आहेत तोवर जोराच्या पाण्याने निघतात. ऊन लागून वाळले की सिमेंटसारखे धरतात आणि दुप्पट मेहनत पडते. धुतल्यावर क्लासचा (जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेअर, मालकाचा सुपरिंटेंडेंट आणि यार्डाचा माणूस एकत्र फेरी मारतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मालवाहू जहाजाच्या तळाची तपासणी पाच वर्षांत किमान दोनदा आणि 36 महिन्यांपेक्षा जास्त अंतर न पडू देता व्हावी लागते. त्या फेरीत खडू आणि वही घेऊन मागे राहा, कारण कामांची यादी तिथेच बनते.

टाकीत उतरण्याबद्दल मी कुणालाही सवलत देत नाही. बंद टाकीत गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खाल्ला जातो. वास नसतो, रंग नसतो, काही जाणवत नाही, आणि माणूस शिडीवरच कोसळतो. मीटरवर 20.9 टक्के ऑक्सिजन दिसला पाहिजे. 19.5 च्या खाली असेल तर आत जायचं नाही. ज्वलनशील आणि विषारी वायू तपासलेले हवेत, वरती निरोप्या उभा हवा, हवेचा पंखा चालू हवा. आत कोणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका. आधी गजर, मग श्वसनयंत्र लावलेले लोक. टाकीत मरणाऱ्यांमध्ये वाचवायला धावलेले बरेच असतात.

कामं कोणत्या क्रमाने

तळाचे बूच काढून टाक्या रिकाम्या करायच्या असतील तर प्रत्येक बुचावर टाकीचं नाव कोरून किंवा पट्टी बांधून ते चीफ ऑफिसरच्या ताब्यात द्या आणि सही घ्या. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजतात. झिजलेला पत्रा कापून नवा घालण्याची कामं आधी, रंग सगळ्यात शेवटी. सुकाणूचे क्लिअरन्स, प्रोपेलर, शाफ्टचे सील, समुद्राच्या झडपा, गंज रोखणारे झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड, हे सगळं मध्ये बसतं. नांगराची साखळी बाहेर पसरून कडी-कडी मोजतात. मूळ व्यासापेक्षा 12 टक्क्यांहून जास्त झिजलेली कडी बदलावीच लागते.

रंगाच्या बाबतीत घाई नडते. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सियसने वर आणि हवेची आर्द्रता 85 टक्क्यांखाली हवी. किनारपट्टीवर सकाळी सात वाजता पोलादाला हात लावून पाहा, तळवा ओला होतो. त्यावर मारलेला रंग सहा महिन्यांत पापुद्रे सोडतो. त्यामुळे पहाटे ब्लास्टिंगची (कणांचा मारा करून पत्रा खरवडण्याची) साफसफाई, स्टेजिंगची हलवाहलव अशी कामं लावा आणि रंगाचे पंप ऊन चढल्यावर सुरू करा. ब्लास्टिंगची ग्रिट आणि खरवडलेला जुना रंग गोळा करून बाहेर न्यायचा, समुद्रात लोटायचा नाही. जुन्या रंगातलं टीबीटी हे रसायन समुद्री जिवांना इतकं घातक निघालं की त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2008 पासून लागू आहे.

पुन्हा पाण्यात

उतरवणं हे चढवण्याइतकंच अवघड आहे, आणि तोवर सगळे थकलेले असतात. 5 डिसेंबर 2016 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस बेतवा बाहेर काढताना कलंडली आणि दोन नौसैनिकांचा जीव गेला. ती तरंगती गोदी नव्हती, पण ठोकळ्यांवरून पुन्हा तरंगण्याचा क्षण किती नाजूक असतो हे त्यातून दिसतं.

डॉकिंगच्या दिवशी लिहून ठेवलेली साउंडिंग आता बाहेर काढा. मधल्या दिवसांत इंधन हललं, बॅलास्ट काढला, जड यंत्र बाहेर गेलं, तर जहाज आधीसारखं सरळ तरंगणार नाही. वजनं परत जुळवा, किंवा नव्याने हिशेब करा. बूच बसवून वर सिमेंट लावलंय का, प्रत्येक बूच मोजून पाहा.

मग गोदी हळूहळू बुडवा आणि पाणी सी चेस्टच्या वर आलं, पण जहाज अजून ठोकळ्यांवरच आहे, अशा पातळीला थांबवा. प्रत्येक झडपेपाशी, शाफ्ट सीलपाशी, प्रत्येक नव्या वेल्डिंगपाशी टॉर्च घेऊन माणूस उभा करा. एकदा मी असाच इंजिनरूममध्ये उभा होतो. समुद्राच्या झडपेच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या गळती रोखणाऱ्या जोडातून) आधी थेंब आले, मग बोटाएवढी धार लागली. दुरुस्तीत नवं पॅकिंग भरलं होतं, पण नट आवळायचे राहून गेले होते. वॉकीटॉकीवर फक्त "थांबवा" म्हटलं, गोदी थांबली, फिटरने दहा मिनिटांत ग्लँड आवळलं. जहाज तोवर ठोकळ्यांवर होतं म्हणून दहा मिनिटं मिळाली.

सगळीकडून "कोरडं" असा निरोप आला की पुढे जायचं. जहाज ठोकळ्यांवरून सुटून तरंगलं की ते कुठल्या बाजूला कलतं का हे लगेच पाहा, दोर सैल पण हाताशी ठेवा, आणि इंजिनं थंडच असू द्या. ते बाहेर पडून टगच्या ताब्यात गेलं की गोदी वर घ्या, ठोकळे बघा, कुठली टोपी चिरडली ते लिहा, आणि या वेळच्या ठोकळ्यांच्या जागा डॉकिंग प्लॅनवर लाल पेन्सिलीने उतरवून एक प्रत जहाजाच्या चीफ ऑफिसरला पाठवा.